दुसरा ब्रेक

वकीलबाईंनी टोपण काढून पेन तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उचललं, टोपण पुन्हा लावलं आणि पेन परत त्यांच्याकडे सरकवलं.

"मॅडम, सही करायला दिलंय. टोपण लावायला नाही."

"मी फोनवरच सांगितलं होतं. अपील करायचं नाही."

"फोनवर माणूस काहीही सांगतो. म्हणून तर समोर बोलावलं."

खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर फायलींचा गठ्ठा बसला होता. वकीलबाई पन्नाशी ओलांडलेल्या. सहा वर्षांपूर्वी त्या तिच्याकडे गाडी शिकल्या, परीक्षेत तीनदा नापास झाल्या आणि चौथ्यांदा पास झाल्या. तेव्हापासून त्या तिला मॅडमच म्हणत. शहराच्या या भागातले निम्मे लोक तिला मॅडम म्हणत. उरलेले निम्मे अजून चालतच जातात, असं तिची आई सांगायची.

आईला जाऊन पाच महिने झाले होते. गाडी आई चालवत होती. शेजारच्या सीटवर, शिकवणाऱ्याच्या जागेवर, ती बसली होती. उतारावरच्या वळणाला एका गोदामाच्या फाटकातून टेम्पो मागे मागे येत रस्त्यावर निघाला आणि गाडी त्याच्यावर जाऊन आदळली. शिकाऊ माणसाच्या हातात गाडी असली तरी जबाबदारी शिकवणाऱ्याची, असा कायदा. म्हणून हलगर्जीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला. खालच्या कोर्टात तिने वकील घेतला नाही. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर ती "कबूल" म्हणाली, आणि थोड्याच वेळात पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. सहा महिने कैद, शिकवण्याचा परवाना कायमचा रद्द. अपिलासाठी म्हणून शिक्षा तीस दिवस थांबवली होती. ते तीस दिवस येत्या सोमवारी संपत होते.

"एकदा नीट ऐकून घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "कबुली दिली की शिक्षा कमी करा म्हणून वर जाता येतं. मी दोषीच नाही, असं म्हणत सहसा जाता येत नाही. पण कबुली चुकीच्या समजुतीतून दिलेली असेल तर वरचं कोर्ट ती बाजूला ठेवू शकतं. दार लोटलेलं आहे. कडी घातलेली नाही."

"समजूत चुकीची नव्हती. घंटा वाजली नाही."

ती घंटा वकीलबाईंनाही माहीत होती. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो दाबला की डॅशबोर्डखाली घंटा वाजते. गाडी कोणी थांबवली, शिकणाऱ्याने की शिकवणाऱ्याने, हे परीक्षेच्या वेळी परीक्षकाला कळावं म्हणून ती सोय.

"माझ्या वेळी तर लोक आगीचा बंब आला समजून बाजूला व्हायचे," वकीलबाई म्हणाल्या.

एरवी ती हसली असती.

"पंचनाम्यात चाकं घासल्याच्या खुणा आहेत, मॅडम. रस्त्यावर चांगल्या लांब. म्हणजे ब्रेक कोणीतरी दाबला होता."

"आईने. उशिरा. मी दाबला असता तर घंटा वाजली असती." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "शेवटचे तीन आठवडे आईच्या वेळेला ती एकदाही वाजली नव्हती. मी खूश होते. वाटलं, झालं हिचं शिकून. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं, ब्रेक दाबला होता का, तर मी नाही म्हटलं. कोर्टातही तेच मनात होतं. माझ्यापुढे ब्रेक होता, माझा पाय तिथेच होता आणि मी दाबला नाही. यात चुकीची समजूत कुठली?"

"मग निदान शिक्षा कमी करण्यापुरतं तरी..."

"शिक्षा मला मान्य आहे."

"ते दिसतंय. तेच मला आवडत नाहीये."

वकीलबाईंनी अपिलाचे कागद एका पिशवीत घातले आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"सोमवारी चारपर्यंत मी इथेच आहे. तुमची वाट बघणार नाहीये. दुसरी कामं आहेत म्हणून असणार आहे."

घरी बाबा इस्त्री करत होते. काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून विझत आली होती; समोरचं रुपयाएवढं दिसे, बाकी अंधार. तरी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस, त्यांना आजवर कधी चटका बसला नव्हता. कॉलर आधी डाव्या हाताच्या बोटांनी चाचपायची, मग बोटं उचलायची आणि तिथे इस्त्री ठेवायची.

"केलीस सही?"

"नाही."

इस्त्री बाहीवरून खाली गेली आणि वर आली.

"का?"

"चूक माझी होती, बाबा. ती नाही कशी म्हणू?"

बाबांनी इस्त्री उभी केली. भिंत चाचपत बटण बंद केलं.

"तुझी आई एकसष्टाव्या वर्षी गाडी कशाला शिकायला लागली?"

तिने कागदांची पिशवी टेबलावर ठेवली.

"माझे डोळे गेले म्हणून. डॉक्टरांनी मला गाडीला हात लावू नका सांगितलं आणि मी तिच्या मागे लागलो. शीक, शीक. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हो, पण माझी तर आत्ता कुठे जागेवर येतेय, असं म्हणत ती बसली एकदाची गाडीत. आणि त्या दिवशी बाजारातून नको, गोदामांच्या रस्त्याने जा, तिकडे गर्दी कमी असते, हे कोणी सांगितलं?"

"बाबा, त्याचा काय संबंध?"

"नाही ना संबंध? मग मला का झोप लागत नाही?" त्यांनी शर्टाची घडी घातली. घडीची कड अंगठ्याने दाबून सरळ केली. "तू कोर्टात उभी राहिलीस आणि सगळं एकटीने उचलून घेतलंस. मला चिमूटभरसुद्धा ठेवलं नाहीस."

घडी केलेला शर्ट त्यांनी खुर्चीवरच्या कपड्यांवर ठेवला. कपडे तिचेच होते. सोमवारनंतर न्यायला लागतील म्हणून तिने सकाळी बाजूला काढून ठेवलेले.

शनिवारी ती गॅरेजमध्ये गेली. जायच्या आधी एवढं एक काम उरकायचं होतं. अपघातानंतर पोलिसांनी गाडी मिस्त्रींच्या आवारातच ठेवली होती; महिन्यापूर्वी त्यांनी ती सोडली. ती भंगारात काढण्याआधी दुसऱ्या पेडलांचा जोड उतरवून परवान्याच्या कचेरीत जमा करावा लागणार होता. नऊ वर्षांपूर्वी तो मिस्त्रींनीच बसवला होता. बोलायला कंजूष माणूस. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय आपण सांगायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यामुळे त्यांची कितीतरी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं चुकीच्या समजुतीत सुखाने गाडी चालवत होती.

टेम्पोच्या हौद्याचा कोपरा ड्रायव्हरच्या बाजूने काच फोडून आत शिरला होता. छत वर चेपलेलं, पण खालचा भाग शाबूत होता. मिस्त्रींनी काचा झाडून काढल्या होत्या आणि सीट धुऊन घेतली होती.

"ताई, तुम्ही बाहेर बसा. मी करतो."

"टॉर्च कोण धरणार?"

"मी धरतो की तोंडात."

"उघडा दरवाजा."

पाच महिन्यांनी ती आपल्या जागेवर बसली. मिस्त्री ड्रायव्हरच्या बाजूने उताणे आत सरकले; त्यांचे पाय दाराबाहेर राहिले. दोन्ही ब्रेक एका दांड्याने जोडलेले. शिकवणाऱ्याने आपला दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही खाली जातो. शिकणाऱ्याने दाबला तर मात्र इकडचा हलत नाही. त्या दांड्याचा बोल्ट ड्रायव्हरच्या पेडलमागे होता. मिस्त्रींनी एका हाताने पाना लावला, दुसरा हात पेडलखाली घातला. ती टॉर्च धरून वाकली. वर बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

आवारात कोणाचा तरी टेम्पो आला. फाटक अरुंद, म्हणून त्याने वळून मागे मागे आत यायला सुरुवात केली. मागे येतानाचा तो टूँ टूँ आवाज जवळ आला.

"आई गं," खालून मिस्त्री म्हणाले.

"काय झालं?"

"पाय काढा, ताई."

"कुठला पाय?"

"तुमचा. ब्रेकवरचा. माझी बोटं आहेत खाली."

तिने टॉर्च आपल्या पायांकडे वळवला. तिचा उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. पेडल तळापर्यंत गेलेलं, टाच उचललेली, गुडघा ताठ. तिने पाय काढून घेतला तसं पेडल वर आलं.

मिस्त्री बोटं बाहेर काढून त्यांच्यावर फुंकर घालत बसले.

"मी दाबलं नाही," ती म्हणाली.

"बरं."

"खरंच सांगते. मला कळलंच नाही."

"काकूही तेच म्हणाल्या होत्या."

टेम्पो थांबला होता. ड्रायव्हर उतरून चहा प्यायला निघून गेला. मिस्त्री पुन्हा आत सरकू लागले. विचारल्याशिवाय ते पुढे बोलणार नव्हते, हे तिच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

"काय म्हणाली होती आई?"

"आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो." त्यांनी पाना छातीवर ठेवला. "त्या आल्या होत्या एकदा. चालत. त्याच्या आधी तीनेक आठवडे. म्हणाल्या, घंटेला एक बटण लावून द्या, माझ्या हाताला येईल असं. मी म्हटलं, ताईंना विचारतो. तर म्हणाल्या, तिच्यासाठीच तर लावतेय, तिला काय विचारता?"

"कुठे लावलं?"

मिस्त्रींनी बोट दाखवलं. स्टिअरिंगच्या दांड्याखाली, वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, नखाएवढं काळं बटण होतं.

"बसल्यावर बंद करायचं, उतरताना चालू. बाकीच्या शिकणाऱ्यांना घंटा हवीच ना."

"लाज वाटत असेल तिला. घंटा वाजली की सगळा रस्ता बघतो."

"नाही हो. म्हणाल्या, माझी पोर सारखा ब्रेक दाबते. तिला पत्ता नसतो, पण माझ्या पायाखालचं पेडल खाली जातं ना, मला कळतं. घंटेला मी नाही घाबरत. तीच घाबरते. आवाज बदलतो तिचा, शिकवायला लागते. घंटा नसली की दोघी कशा गप्पा मारत जाऊ."

तिने टॉर्च त्या बटणावर धरला.

"आत्ता कसं आहे हे?"

"बंद. गाडी आली तेव्हापासून बंदच. मी हात लावलेला नाही."

"पोलिसांचा तपासनीस आला होता ना?"

"आला होता. ब्रेक बघितला, दिवे बघितले. बटणाचं कुठे विचारलं?"

"आणि मला? मला नाही सांगावंसं वाटलं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. मायलेकी तुम्ही. मी मध्ये कशाला तोंड घालू?"

ते तीन आठवडे आई रोज गाडीत बसली की आधी खाली वाकायची. चपलेचा पट्टा ठीक करतेय म्हणायची. रोज काय गं पट्टा, असं तिने एकदा विचारलं होतं. नवीन आहे, चावते, म्हणाली होती आई. आणि चप्पल तर दोन वर्षांची जुनी होती. शिकवणाऱ्या बाईच्या नजरेतून आरसा सुटत नाही, पट्टा सुटत नाही, क्लचवरून उशिरा उचललेला पाय सुटत नाही. चप्पल मात्र सुटली होती.

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. मिस्त्री घाईघाईने उठायला गेले आणि त्यांचं डोकं स्टिअरिंगला लागलं.

"पाणी आणू का, ताई?"

"नको." ती हसत होती, आणि हसताना नाक पुसत होती. "मिस्त्री, तो बोल्ट परत घट्ट करा. काही काढू नका. बटणाला तर बोटही लावू नका."

"आणि भंगारवाला?"

"त्याला नाही म्हणून सांगा. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत ते कोर्टात सांगाल?"

मिस्त्रींनी पाना पुन्हा बोल्टला लावला.

"विचारलं तर सांगेन," ते म्हणाले.

सोमवारी साडेदहालाच ती वकीलबाईंच्या दारात उभी होती. त्यांनी टोपण काढून पेन पुढे केलं.

अपिलाची तारीख सात आठवड्यांनी लागली. तोवर शिक्षा थांबली. मिस्त्रींचं प्रतिज्ञापत्र झालं, बटणाचे फोटो झाले. बाबा हट्टाने कोर्टात आले आणि मागच्या बाकावर वकीलबाईंच्या सहायक मुलीशेजारी बसले. त्या मुलीने त्यांना समोर कोण कुठे बसलंय ते हळू आवाजात सांगितलं.

सरकारी वकील शांत स्वभावाचे होते. ते आवाज न चढवता बोलले.

"दवाखान्यात विचारलं तेव्हा, पोलिसांच्या जबाबात आणि कोर्टात, आरोपीने प्रत्येक वेळी दोष मान्य केलाय. तिच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. घंटेचं बटण बंद होतं हे मी मानतो. पण बटण बंद होतं एवढ्यावरून ब्रेक दाबला होता असं ठरत नाही."

"नाही ठरत," वकीलबाई उठून म्हणाल्या. "दाबला नव्हता असंही ठरत नाही. आणि माझ्या अशिलाने कबुली दिली ती केवळ त्या घंटेवर विसंबून."

न्यायाधीश वयस्कर होते. ते ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी बोट तिथेच ठेवलं आणि मान वर केली.

"बाई, तुम्हीच सांगा. त्या दिवशी तुम्ही ब्रेक दाबला होता का?"

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी तिला एकच गोष्ट बजावली होती: जे माहीत आहे तेवढंच सांगा. हो म्हणणं आता अवघड नव्हतं. गॅरेजमध्ये तिने आपला पाय डोळ्यांनी पाहिला होता. पण सात आठवडे ती रोज त्या वळणापर्यंत मनाने जाऊन आली होती, आणि तिथे तिला आपला पाय काही दिसला नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आधी तर तुम्ही नाही म्हणाला होतात," न्यायाधीश म्हणाले.

"तेव्हा मला वाटत होतं, माहीत आहे."

"आणि आता?"

"आता खरंच माहीत नाही. कोणीतरी नीट तपासून बघावं, असं वाटतं. मग जे निघेल ते."

न्यायाधीशांनी दोन पानं मागे उलटली.

"खालच्या कोर्टात तुम्हाला काय काय विचारलं होतं?"

"गुन्हा कबूल आहे का, असं."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"काय घडलं, कसं घडलं, ते?"

"नाही विचारलं."

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं.

"कबुली लिहून घ्यायच्या आधी एवढं तरी विचारायला हवं होतं, नाही का? ही कबुली मला ठेवता येणार नाही. खटला खाली परत जाईल. पहिल्यापासून चालेल."

"कोर्टाची मर्जी," सरकारी वकील म्हणाले आणि त्यांनी आपल्या कागदांना टाचणी लावली. वकीलबाई खाली बसल्या. त्यांचा हात फाईलीच्या नाडीशी खेळत राहिला; गाठ काही बसेना.

पुढच्या खटल्यातली माणसं दाराशी येऊन थांबली होती. कारकुनाने नवी फाईल उचलून पुढे केली. न्यायाधीशांनी ती घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली.

"बाई, सगळं तुम्हाला तिथे सांगावं लागणारच आहे. पण इतक्या लांब आलात आणि अजून कोणी विचारलंच नाही, हे काही बरं नाही." त्यांनी चष्मा काढला. "काय झालं होतं त्या दिवशी? सावकाश सांगा."

तिची तयारी झाली होती. उतार किती, वेग किती, टेम्पो किती अंतरावर दिसला, हे सगळं तिने वकीलबाईंबरोबर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मागच्या बाकावर बाबा एक कान तिच्या दिशेने करून बसले होते.

"आई त्या दिवशी फार छान गाडी चालवत होती," ती म्हणाली.